पाव सोडला म्हणून भुर्जी सोडायची नाही: लो-कार्बवाल्यांसाठी चमचमीत अंडी, अगदी सुरुवातीपासून

लो-कार्ब (म्हणजे पोळी-भात-साखरेतले कार्ब, कर्बोदकं, कमी करून खाणं) सुरू केलं की पहिल्या आठवड्यात सगळे अंड्यांवर तुटून पडतात आणि पुढच्या आठवड्यात अंड्याचा वाससुद्धा नको होतो. रोज सकाळ-संध्याकाळ दोन उकडलेली अंडी, वर मीठ-मिरपूड, असं खाल्लं तर कोणालाही वीट येणारच ना. पण अजून एक कारण आहे ज्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. आपल्याकडच्या अंड्याच्या जवळपास सगळ्या डिश पावाबरोबर, भाकरीबरोबर नाहीतर भाताबरोबर खायच्या म्हणून बनलेल्या आहेत. गाडीवरच्या भुर्जीत मीठ-तिखट चढं असतं कारण ते दोन पावांत वाटलं जाणार असतं, रस्सा पातळ आणि जाळ असतो कारण त्यात भाकरी कुस्करायची असते. तीच भुर्जी तुम्ही पाव बाजूला ठेवून चमच्यानं खाल्लीत की खारट लागते, घशाला झोंबते, आणि पोट भरलं तरी जेवल्यासारखं वाटत नाही. मग माणूस रात्री साडेदहाला फरसाणाचा डबा उघडतो.

म्हणजे नुसता पाव वजा करून भागत नाही, बाकीचा मेळही बदलावा लागतो. माझा ठोकताळा असा: मीठ आणि तिखट नेहमीच्या पाऊणपट, आंबट थोडं जास्त, तूप-तेलात हात आखडायचा नाही, रस्सा निम्म्या पाण्याचा, दाट, आणि ताटात काहीतरी कुरकुरीत हवंच. खालचं सगळं याच हिशोबानं लिहिलंय.

आधी कार्बचं बघू

50 ग्रॅमच्या एका अंड्यात कार्ब अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, प्रोटीन साधारण 6 ग्रॅम आणि फॅट 5 ग्रॅम. म्हणजे अंड्याकडून काही त्रास नाही, त्रास होतो तो अंड्याच्या सोबत्यांकडून. एका लादीपावात 20 ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, एका मध्यम पोळीतही तेवढेच, ज्वारीची भाकरी पीठ किती घेता त्यावर पण सहज त्याच्या दुप्पट. हे सगळ्यांना माहीत असतं. लक्षात येत नाही ते बाकीचं: करीत घातलेला बटाटा, हॉटेलसारखी ग्रेव्ही व्हावी म्हणून वाटलेले काजू (100 ग्रॅममध्ये 30 ग्रॅम कार्ब), ऑम्लेट फुगावं म्हणून कालवलेलं बेसन, रस्सा दाट व्हावा म्हणून लावलेलं कॉर्नफ्लोअर, "जरा चव येते" म्हणून चिमूटभर साखर आणि ऑम्लेटवर ओतलेलं केचप, ज्याच्या एका मोठ्या चमच्यात 4 ग्रॅमच्या आसपास साखरच असते.

आणि कांदा. कांदा हा आपला मोठा आधार, पण 100 ग्रॅम कांद्यात 9 ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात आणि आपण एका भुर्जीत दोन-दोन मोठे कांदे सहज ढकलतो. कांदा बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही, कांद्याशिवाय मराठी माणसाचं अंडं होत नाही, पण तो मोजून घ्यायचा आणि नीट भाजायचा. छोटा कांदा चांगला तपकिरी केला की मोठ्या अर्धकच्च्या कांद्यापेक्षा जास्त चव देतो. खोबऱ्याला मात्र उगाच घाबरतात लोक. सुक्या खोबऱ्यात 100 ग्रॅममागे 24 ग्रॅम कार्ब दिसतात खरे, पण त्यातले 16 ग्रॅम फायबर आहे, आणि शिवाय आपण वापरतो मूठभर.

तुम्ही नक्की किती कार्ब खायचे हे मी सांगणार नाही. साधं लो-कार्ब म्हणजे दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा थोडे वरखाली, कीटो म्हणजे पन्नासच्या खाली, असं ढोबळपणे धरतात. पण शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर कार्ब अचानक कमी करायच्या आधी डॉक्टरांशी बोला, कारण औषध तेवढंच राहिलं आणि जेवणातले कार्ब गेले तर शुगर एकदम खाली येऊ शकते. किडनीचा किंवा कोलेस्टेरॉलचा त्रास असेल तरी रोज किती अंडी हे आधी विचारून घ्या.

अंडं उकडणं: सोपं वाटतं, पण निम्मे लोक इथेच बिघडवतात

आधी ताजेपणा बघा. अंडं पाण्यात सोडायचं, तळाशी आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण बहुतेक वेळा खाण्यालायक, वर तरंगलं तर सरळ फेकून द्या. अंडं जुनं होत जातं तशी आतली हवेची पोकळी वाढते म्हणून ते वर येतं. आणि एक गंमत, अगदी ताजं अंडं उकडून सोलायला सगळ्यात वाईट, पांढरं सालाला चिकटून निम्मं अंडं सालाबरोबर जातं. चार-पाच दिवस फ्रिजमध्ये राहिलेलं छान सोललं जातं. म्हणून ताजी आणलेली अंडी ऑम्लेटला, आधीची उकडायला, असा नियम करून टाका.

आता उकडायची पद्धत. बरेच लोक गार पाण्यात अंडी टाकून गॅस लावतात आणि मग "दहा मिनिटं" म्हणतात, पण दहा मिनिटं कधीपासून? पातेलं जाड की पातळ, पाणी किती, गॅस केवढा, सगळ्यावर ते बदलतं. त्यापेक्षा असं करा:

1. पातेल्यात अंडी बुडून वर बोटभर राहील एवढं पाणी घ्या आणि ते आधी खळाखळा उकळू द्या, अंडी अजून बाहेरच.
2. पळीनं एकेक अंडं अलगद सोडा. उकळत्या पाण्यात पडलं की पांढऱ्याचा बाहेरचा थर पटकन घट्ट होतो, त्यामुळे सालही नंतर सहज सुटतं.
3. आच मध्यम करा आणि घड्याळ लावा. फ्रिजमधून काढलेल्या मध्यम अंड्याला 7 मिनिटांत बलक वाहता, 9 मिनिटांत ओलसर घट्ट, 11 मिनिटांत पूर्ण घट्ट. बाहेर ठेवलेली असतील तर मिनिटभर कमी.
4. वेळ झाली की लगेच गार पाण्यात, बर्फ असेल तर उत्तम. पाच मिनिटं तिथेच.
5. जाड टोकाकडून टिचकी मारून सोला, पोकळी तिकडे असते म्हणून साल तिथून पटकन निघतं.

बलकाभोवती हिरवट-राखाडी कडं येतं ना, ते अंडं खराब असल्यामुळे नाही. जास्त वेळ उकडलं की पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन तो रंग धरतो, आणि तो नकोसा वासही तिथूनच येतो. "मला उकडलेलं अंडं आवडत नाही" म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना खरं म्हणजे वीस मिनिटं उकडलेलं अंडं आवडत नसतं, त्यांना एकदा 9 मिनिटांचं देऊन बघा. (महाबळेश्वरला राहणाऱ्यांनी मिनिटभर वाढवा, उंचीवर पाणी शंभराच्या आतच उकळतं.)

भुर्जी, चमच्यानं खायची

गाडीवर भुर्जी कशी होते ते एकदा लक्ष देऊन बघा. मोठ्या तव्यावर कांदा-टोमॅटो परतून झाला की अंडी थेट तव्यावरच फुटतात आणि मग दोन्ही हातांनी ठकठकठकठक करत उलथन्याच्या धारेनं अंड्याचा अगदी भुगा करतात. तो भुगा पावात छान बसतो, मसाला कणाकणाला लागतो. पण चमच्यानं खाताना तोच कोरडा रवाळ भुगा घशात बसतो. आपल्याला मोठे, ओलसर, मऊ गोळे पाहिजेत. त्यामुळे पद्धत थोडी उलटी.

एका माणसाला तीन अंडी, एक छोटा कांदा (40 ग्रॅमच्या आसपास, लिंबाएवढा), अर्धा टोमॅटो, मूठभर अगदी बारीक चिरलेला कोबी, दोन हिरव्या मिरच्या, चार पाकळ्या लसूण, पेरभर आलं, कढीपत्ता, कोथिंबीर, चमचाभर तूप आणि चमचाभर तेल. कोबी बघून नाक मुरडू नका, गेलेल्या कांद्याची जागा तोच भरतो, ताट भरल्यासारखं दिसतं आणि दाताखाली थोडं कुरकुरतंही.

1. सगळ्यात आधी अंडी एका भांड्यात फोडा, मीठ घाला आणि काट्यानं वीस-पंचवीस वेळा फिरवा. फेस काढायचा नाही. ते दहा मिनिटं तसंच राहू दे. मीठ आधी घातलं की शिजताना अंडं पाणी कमी सोडतं, भुर्जी मऊ राहते. रंग थोडा गडद होईल, ठीक आहे.
2. कढई चांगली तापवा, तेल घाला, जिरं, मग कढीपत्ता आणि मिरची. कढीपत्ता तडतडू दे, त्यातली चार पानं कुरकुरीत झाली की बाजूला काढून ठेवा, शेवटी लागतील.
3. कांदा मोठ्या आचेवर. सारखा ढवळत बसू नका, अर्धा मिनिट तसाच ठेवा मग हलवा, कडा तपकिरी झाल्या पाहिजेत. मग ठेचलेलं आलं-लसूण, कच्चा वास गेला की कोबी, दोन मिनिटं.
4. टोमॅटोच्या बिया आणि पाणी काढून फक्त गर चिरून घाला. पाव असता तर हे पाणी त्यानं शोषलं असतं, आता ते ताटात तळ्यासारखं साठतं. गर मऊ होऊन तेल सुटलं पाहिजे.
5. हळद, अर्धा चमचा कांदा-लसूण मसाला आणि अगदी चिमूटभर पावभाजी मसाला. ही चिमूट म्हणजेच तुमच्या डोक्यात असलेली गाडीची चव. मसाला कोरडा पडला तर चमचाभर पाणी शिंपडा, जळू देऊ नका.
6. आता आच एकदम कमी. तूप घाला, कढईचा ताप जरा उतरू दे, मग अंडी ओता आणि वीस सेकंद काहीही करू नका. कडेनं थर धरला की उलथन्यानं कडेकडून मधे मोठ्या घड्या ओढा. थांबा, परत ओढा. चार-पाच घड्यांत होतं.
7. अजून जराशी ओलसर चमक आहे असं वाटतंय तेव्हाच गॅस बंद. कढई गरम असते, पुढचं त्यातच शिजतं. ताटात येईपर्यंत कुठेही कच्चा पातळ भाग राहिला नाही एवढं मात्र बघा.
8. अर्धं लिंबू, कोथिंबीर, बाजूला ठेवलेला कढीपत्ता चुरून आणि वरून चमचाभर भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर भरडा.

एवढ्यात कार्ब होतात साधारण 10-12 ग्रॅम. दोन पाव घेतले असते तर एकदम 40 वाढले असते.

यातच माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे सुकट घालून. मूठभर जवळा कोरड्या तव्यावर खमंग भाजा, पाण्यात दोनदा झटपट धुऊन घट्ट पिळा, म्हणजे वाळू आणि जास्तीचं मीठ जातं. मग पायरी 3 मध्ये कांद्याबरोबर तेलात परता, लसूण दुप्पट करा, टोमॅटोच्या ऐवजी दोन आमसुलं घाला आणि अंड्यात मीठ नावालाच. जवळ्यात कार्ब जवळपास नाहीतच आणि चव अशी की पावाची आठवण येत नाही. शेजारीपाजारी नाराज होतील, खिडकी उघडी ठेवा.

अंड्याचा रस्सा, बटाट्याशिवाय

रस्सा लो-कार्ब करणं फार सोपं आहे कारण आपलं वाटण मुळातच खोबऱ्याचं. कोल्हापूरकडचं सुक्या खोबऱ्याचं तिळाचं, मालवणकडचं ओल्या नारळाचं, दोन्ही चालतात. बिघडवणाऱ्या गोष्टी दोनच, बटाटा आणि कांद्याचा ढीग. मी इथे कोल्हापूरच्या वळणाचं सांगतो.

दोघांसाठी चार अंडी, 25 ग्रॅम सुकं खोबरं (साधारण पाव वाटी), एक छोटा कांदा, चमचाभर तीळ, चमचाभर खसखस, सात-आठ छोट्या लसूणपाकळ्या, आलं, कोथिंबीर काड्यांसकट, दीड चमचा कांदा-लसूण मसाला, तीन चमचे तेल.

वाटण भाजण्यात घाई केली तर रस्सा गेलाच म्हणून समजा. खोबऱ्याचे पातळ काप करून कोरड्या कढईत मंद आचेवर भाजा, सगळीकडून एकसारखे तपकिरी, काळे नाही. काळं खोबरं कडू लागतं आणि मग तो कडूपणा मारायला लोक गूळ घालतात, झालं, कार्ब आले. खोबरं काढून त्याच कढईत तीळ, मग खसखस, अर्ध्या मिनिटात होतात. मग थोडं तेल आणि उभा चिरलेला कांदा, याला मात्र दहा मिनिटं द्या, अगदी गडद होऊ दे. शेवटी लसूण-आलं. गार करून कोथिंबीर घालून अगदी थोड्या पाण्यात गंधासारखं बारीक वाटा. मिक्सर तापला तर थांबा, परत फिरवा, खोबऱ्याचं तेल सुटायला लागलं की वाटण बरोबर झालं.

आता फोडणी. उरलेलं तेल गरम करून गॅस बंद करा, मगच कांदा-लसूण मसाला घाला, तेलाच्या तापावर तो खुलतो आणि जळत नाही. लगेच वाटण घालून गॅस लावा आणि परता, परता, परता, कडेनं लालभडक तेल सुटेपर्यंत. सात-आठ मिनिटं तरी लागतात. मग गरम पाणी, गार नाही, गार पाण्यानं तर्री मरते. नेहमी तीन वाट्या घालत असाल तर इथे दीडच, कारण हा रस्सा चमच्यानं खायचाय. मीठ, एक उकळी, आणि चार-पाच मिनिटं मंद.

अंडी घालायच्या दोन पद्धती. एक म्हणजे उकडून, टोचे मारून, हळद-तिखट लावून चमचाभर तेलात सगळीकडून परतून मग रस्स्यात. परतल्यानं वर जी सुरकुतलेली पिवळी कातडी धरते ना, तिला मसाला चिकटतो, नाहीतर गुळगुळीत अंड्यावरून रस्सा ओघळून जातो आणि आत फिकंच राहतं. दुसरी पद्धत फोडून टाकायची, मला हीच जास्त आवडते. रस्सा मंद करा, खदखद थांबली पाहिजे. अंडं आधी वाटीत फोडा, वाटी रस्स्याच्या अगदी जवळ नेऊन अलगद सोडा, दुसरं त्याच्यापासून लांब. चमचा बिलकूल घालायचा नाही. झाकण ठेवून पाच मिनिटं, मग चमच्यानं वरचा रस्सा अंड्यावर ओता, बलक पाहिजे तेवढा घट्ट झाला की उतरवा. पांढरं रस्स्यातच शिजल्यामुळे आतपर्यंत मसाल्याची चव उतरते, जी उकडलेल्या अंड्यात कधीच येत नाही.

माणशी कार्ब सात-आठ ग्रॅम होतात. मालवणी करायचा असेल तर सुक्याऐवजी अर्धी वाटी ओला नारळ, मालवणी मसाला आणि शेवटी तीन-चार आमसुलं, बाकी सगळं तसंच.

मग खायचं कशाबरोबर? फ्लॉवर किसून त्याचा "भात" करतात हल्ली, वाईट नाही, फक्त तो झाकण न ठेवता कोरड्या तव्यावर परतायचा, वाफवला की लगदा होतो. पण खरं सांगू का, माझ्या मते रस्स्याला कोबी जास्त शोभतो. लांब बारीक चिरून, तुपात जिऱ्याबरोबर मोठ्या आचेवर तीन मिनिटं, मीठ नाही, वाडग्यात खाली कोबी आणि वर रस्सा. कोबी रस्सा धरून ठेवतो आणि चावायलाही काहीतरी मिळतं.

पालेभाजीवर अंडं, पारशी पद्धतीनं

मुंबईच्या पारशी लोकांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय, त्यांचं "पर ईडू" म्हणजे कुठल्याही भाजीवर अंडी फोडून झाकण ठेवायचं. टोमॅटोवर, भेंडीवर, मेथीवर, काहीही. सल्लीवर पण करतात पण सल्ली म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या काड्या, ती आपल्याला नाही.

मेथीचं सांगतो. जुडी निवडून चिरा, तेलात भरपूर लसूण आणि मिरची, त्यावर मेथी, सुटलेलं पाणी आटेपर्यंत उघडीच परता. भाजी ओली राहिली तर अंडं तरंगतं आणि सगळाच चिखल होतो. मीठ भाजीपुरतंच. मग भाजी तव्यात बोटभर जाड सारखी पसरा, पळीच्या मागच्या बाजूनं अंड्यांसाठी खळगे करा, प्रत्येकात थोडं तूप आणि एक अंडं. कडेनं दोन चमचे पाणी शिंपडा, झाकण लावा, मंद आचेवर चार-पाच मिनिटं. वर मिरपूड आणि लिंबू. पालकाची, चवळईची, शेवग्याच्या पाल्याची, कुठलीही पालेभाजी अशी होते, आदल्या दिवशीची उरलेली असेल तर दहा मिनिटांत नाश्ता. भेंडी मात्र आधी कोरडी कुरकुरीत परतून घ्या, चिकट भेंडीवर अंडं म्हणजे शिक्षा.

ऑम्लेट: एक रसातलं, एक पोळीच्या जागी

गोव्यात संध्याकाळी गाड्यांवर रस ऑम्लेट मिळतं, कांदा-मिरची-कोथिंबिरीचं ऑम्लेट आणि त्यावर चिकन शागुतीचा गरम रस, वर कच्चा कांदा आणि लिंबू, सोबत पाव. पाव सोडा आणि बाकी जसंच्या तसं खा, लो-कार्बसाठी याच्यापेक्षा चांगली डिश मला तरी माहीत नाही. घरी रविवारच्या चिकनचा रस्सा वाटीभर बाजूला काढून ठेवायचा, सोमवारी त्याचं हेच करायचं. ऑम्लेट जरा जाड ठेवा, तीन अंड्यांचं, म्हणजे रसात विरघळत नाही. रस्स्यात बटाटा टाकलेला असेल तर तो घरच्या बाकीच्यांना द्या.

पोळीच्या जागी करायचं ते वेगळं. दोन अंडी, चमचाभर पाणी, मीठ, गाळणीतून गाळून घ्या म्हणजे एकसारखं पातळ होतं. मोठा नॉनस्टिक तवा, थेंबभर तेल पुसून लावा, मध्यमपेक्षा कमी आच, ओता आणि घावनासारखं लगेच गोल फिरवून पसरवा. रंग येऊ द्यायचा नाही, वरचा ओलेपणा गेला की उलटून दहा सेकंद आणि काढा. आत पनीर भुर्जी, परतलेली सिमला मिरची, उरलेला खिमा, काहीही भरून गुंडाळी करा. हिरवा ठेचा आतून पुसून लावला तर अजून बहार. बेसन-बिसन काही लागत नाही. ज्यांना पोळी तोडून खायची सवय जात नाही त्यांना याचा फार आधार होतो.

पाच मिनिटांचं काहीतरी

उकडलेली अंडी अर्धी करून तव्यावर तुपात बलकाची बाजू खाली ठेवून भाजा, उलटा, वरून सुक्या खोबऱ्याची लसणाची चटणी भुरभुरा. किंवा कुस्करून त्यात ठेचा, दोन चमचे घट्ट दही आणि काकडीचे बारीक तुकडे. एवढंच. विकतचा मसाला वापरणार असाल तर पाकीट उलटून घटक वाचा, काहींत साखर आणि स्टार्च असतो.

सोबत आणि डबा

अंडं मऊ असतं म्हणून शेजारी कडक काहीतरी पाहिजे, हे मी पुन्हा सांगतोय कारण लोक इथेच आळस करतात. काकडीची खमंग कोशिंबीर, दाण्याचं कूट आणि जिऱ्याची फोडणी, साखर वगळून. मुळ्याचा कीस दह्यात. कोबीची पचडी लिंबू आणि ओल्या खोबऱ्याची. प्यायला सोलकढी, ती नारळाच्या दुधाची असल्यामुळे पोटालाही आधार देते. ताकाची वाटी चालेल.

ऑफिसला नेणार असाल तर भुर्जी नेऊ नका, गार झाली की पाणी सोडते आणि मायक्रोवेव्हमध्ये रबर होते, वर वासावरून बोलणी. रस्स्याची अंडी, पालेभाजीवरचं अंडं बलक पूर्ण घट्ट करून, किंवा भरलेली गुंडाळी, या तीन गोष्टी डब्यात नीट राहतात. उकडलेली अंडी नेताना सालासकट न्या आणि तिथेच सोला. सालासकट उकडलेली अंडी फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात, सोललेली त्याच दिवशी संपवा. मायक्रोवेव्हमध्ये अख्खं उकडलेलं अंडं कधीही गरम करायचं नाही, आत वाफ कोंडून ते फुटतं, कधीकधी बाहेर काढल्यावर चावताना सुद्धा. अर्धं करून रस्स्यात बुडवून गरम करा. रस्स्याचं वाटण मात्र एकदम चार वेळांचं करून छोट्या डब्यांत फ्रीझरमध्ये टाकून द्या, महिनाभर आरामात राहतं, मग आठवड्याच्या मधल्या दिवशी अंडी फोडून टाकायला वीस मिनिटं पुरतात.

आणि श्रावणात घरात अंडं बंद असेल तर हेच वाटण, हीच फोडणी, फक्त अंड्याच्या जागी तुपात परतलेलं पनीर किंवा मशरूम. मशरूम आधी मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परतून घ्या, नाहीतर तर्री फुटते.